थंडीपुरते नाशकात आलात? गटाबरोबर डोंगरात जायचं तर हे आधी वाचा

आमचा मुलगा कॅनडात कॅल्गरीला असतो. एप्रिल ते ऑक्टोबर आम्ही दोघं त्याच्याकडे आणि नोव्हेंबर ते मार्च इथे, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये. तिकडे उणे वीस-पंचवीस होतं तेव्हा इथे पहाटे स्वेटर आणि दुपारी सुती साडी. सहाशे मीटरच्या आसपासच्या पठारावर वसलेलं हे गाव. रात्री पारा दहाच्या खाली उतरतो (निफाडकडे त्याहूनही खाली), आणि दुपारी बारानंतर अठ्ठावीस. डोंगर चढायला याहून चांगली हवा मला तरी ठाऊक नाही.

अडचण एवढीच की आमचं मूळ गाव अकोला, त्यामुळे नाशकात ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात कोणाबरोबर जायचं, काय विचारायचं, काय न्यायचं, सगळं चुकत चुकत शिकले. आता पाच हिवाळे झाले, वय बासष्ट. परदेशातून थंडीपुरते येणारे, मुंबई-ठाण्याहून निवृत्तीनंतर इथे आलेले, किंवा बदली होऊन नुकतेच आलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. ऐन तिशीतल्यांनी क्रमांक १ वगळला तरी चालेल.

१. गट शोधण्याआधी स्वतःची परीक्षा

परदेशात रोज सात-आठ किलोमीटर चालतो म्हणून आपण तयार आहोत असं वाटतं. सपाटीवरच्या चालीला सह्याद्रीत फारशी किंमत नाही. इथे पहिल्याच पावलापासून चढ असतो आणि खरा हिशेब उतरताना गुडघे मांडतात.

म्हणून पहिले दहा दिवस शहरातच काढा. मुंबई महामार्गावर पांडवलेणी आहे, पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक. पायऱ्या फार नाहीत. सकाळी एकदा चढून-उतरून या, वर २४ लेणी आहेत, तीही बघून होतील. चार दिवसांनी म्हसरूळच्या चामरलेणीला जा, म्हणजे गजपंथ. तिथे पायऱ्या चारशेच्या आसपास आहेत आणि उंचही आहेत. चढताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागत नसेल, तर तुम्ही गटाबरोबर जायला मोकळे.

पन्नाशी उलटली असेल तर ईसीजी आणि रक्तदाब तपासून घ्या. काही गट डॉक्टरांचं पत्र मागतात. त्याचा राग मानू नका, ते चांगल्या गटाचं लक्षण आहे.

२. गट कुठे सापडतात

ढोबळ मानाने चार प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात जुन्या गिर्यारोहण संस्था. नाशकात वैनतेयसारखी संस्था वर्षानुवर्षं डोंगरात आहे. अशा ठिकाणी माणसं अनुभवी, शिस्त कडक आणि बोलणं थोडं तुटक. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणी डोक्यावर घेत नाही. तिसऱ्या ट्रेकला मात्र तुमचं नाव, गाव आणि दुखरा गुडघा सगळ्यांना पाठ असतो.

दुसरे पैसे घेऊन ट्रेक नेणारे. समाजमाध्यमांवर यांच्या जाहिराती दिसतात, त्यात ढग, ड्रोनचे फोटो आणि 'फक्त थोड्या जागा शिल्लक'. यांत उत्तमही आहेत आणि नुसते बस भरणारेही. महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. "नोंदणी आहे का?" हा प्रश्न सरळ विचारा. चांगला आयोजक प्रमाणपत्राचा फोटो पाठवतो, बाकीचे हसण्याची चित्रं पाठवतात.

तिसरा प्रकार म्हणजे ओळखीच्यांची टोळी. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पंधरा दिवस एकाच वेळेला चाला, अशा दोन तरी टोळ्या भेटतात. फी नाही, गाड्या आपापल्या, पेट्रोल वाटून. इथे जबाबदार असं कुणीच नसतं, हे मात्र लक्षात ठेवा. सोप्या डोंगरांपुरतं ठीक.

चौथा प्रकार मला सगळ्यात आवडतो आणि तो नवख्यांना कुणी सांगत नाही. गडसंवर्धनाच्या मोहिमा. शिवकार्य गडकोट संवर्धन संस्थेसारखे लोक रामशेजसारख्या किल्ल्यांवर श्रमदान करतात. टाक्यातला गाळ काढायचा, पायऱ्यांवरचं गवत उपटायचं. चालण्याची घाई नसते, सोबतीला डोंगर नीट जाणणारी माणसं असतात, आणि दोन घमेली माती वाहिली की नवखेपण आपोआप गळतं.

३. पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. सगळे जण कोणता डोंगर आहे ते बघून गट निवडतात. मी आता शेपटाला, म्हणजे सगळ्यात मागे, कोण आहे ते बघते.

पहिल्या हिवाळ्यात एका गटाबरोबर अंजनेरीला गेले. पस्तीस माणसं, पुढे एक लीडर, बास. चढताना ठीक होतं. उतरताना पठारावर मी बुटाची नाडी बांधायला बसले आणि मान वर केली तर माझ्यापुढे कुणी नाही. अंजनेरीचं पठार मोठं आहे, गुरांच्या वाटा चारी बाजूंना फुटलेल्या. मी दिसेल त्या वाटेने अर्धा तास चालले. शेवटी एका गुराख्याने "आजी, तिकडं कुठं? तिकडं कडा हाय" म्हणून हाक मारली आणि जैन लेण्यांच्या वाटेला आणून सोडलं. खाली बस सुटायच्या बेतात होती. मी नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण डोकी मोजायची पद्धतच नव्हती. आजी म्हणाला याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं, हे खरं.

तेव्हापासून हे प्रश्न ठरलेले:

– एकूण माणसं किती आणि त्यांना सांभाळणारे किती?
– सगळ्यात मागे कोण चालणार? त्याचं नाव काय, तो या डोंगरावर आधी किती वेळा गेला आहे?
– पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढ किती? (समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतील. ती नको, चढ हवा.)
– शिड्या, कातळातल्या पायऱ्या, दरीच्या कडेची आडवी वाट आहे का? दोर लागतो का?
– एखाद्याला अर्ध्यात थांबायचं झालं तर सोबत कोण थांबतं?
– माथ्यावरून परत फिरायची वेळ ठरली आहे का?

शेपटाच्या प्रश्नावर "अहो काकू, आपण सगळे एकत्रच असतो" असं उत्तर आलं की मी फोन ठेवते.

'सोपा' या शब्दावरही विश्वास ठेवू नका. चोवीस वर्षांच्या मुलाने लिहिलेला 'सोपा' आणि आपला 'सोपा' यांत दोन तासांचं अंतर असतं.

४. कागदपत्रं आणि पैसे

– ओळखपत्राची प्रत. पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) मूळ प्रत म्हणून डोंगरात नेऊ नका.
– एका कागदावर रक्तगट, चालू औषधं, अॅलर्जी आणि नाशकातल्याच एका माणसाचा नंबर. मुलाचा कॅल्गरीचा नंबर दिलात तर त्याची झोप मोडण्यापलीकडे काही होणार नाही.
– गटाचं संमतिपत्र. सही करण्याआधी वाचा.
– विम्याची प्रत. परदेशी प्रवास विम्यात दोर वापरून केलेली चढाई बहुधा वगळलेली असते. साधी पदभ्रमंती चालते की नाही ते कंपनीला लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

नोंदणी, पैसे, निघायची वेळ, सगळं व्हॉट्सॲप आणि यूपीआयवर चालतं. इथेच परदेशातून आलेले अडकतात. भारतातलं सिम तीन महिने वापरलं नाही आणि रिचार्जही नसला तर नंबर हातचा जातो, आणि त्याबरोबर बँकेचा ओटीपीही. आम्ही आता जाण्याआधी वर्षभराचं रिचार्ज मारून जातो. पायथ्याच्या गावांत नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा जवळ हव्यात. काही ठिकाणी वनविभागाची किंवा गावच्या समितीची प्रवेश पावती असते, ती फीमध्ये धरली आहे का, हे आधी विचारून घ्या.

५. कोणत्या क्रमाने कोणता डोंगर

नाशिक जिल्ह्यात किल्ले इतके आहेत की हिवाळे पुरणार नाहीत. सुरुवातीचा क्रम मी असा सुचवेन.

रामशेज. पेठ रस्त्यावर, पायथ्याला आशेवाडी. तासाभराची चढण. १६८२ मध्ये मोगलांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि एवढ्याशा दिसणाऱ्या डोंगराने त्यांना काही वर्षं झुंजवलं. खालून बघितल्यावर हे खरं वाटत नाही, वर जाऊन कडे बघितले की वाटतं.

अंजनेरी. त्र्यंबक रस्त्यावर वीसेक किलोमीटर. उंची सुमारे १३०० मीटर, पण वाट बांधीव पायऱ्यांची, मग पठार, मग अंजनीमातेचं मंदिर आणि तळं. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून भाविकांची ये-जा असते, त्यामुळे एकटं पडायची भीती कमी. (माझा अपवाद.) कड्यांवर गिधाडं दिसतात, त्यांच्यासाठी छोटी दुर्बीण न्या.

ब्रह्मगिरी. पायऱ्यांचा डोंगर, गोदावरीचा उगम. एक इशारा: पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, दिंड्याच दिंड्या येतात. त्या दोन-तीन दिवसांत ट्रेक ठेवू नका, यात्राच करा. २०२६ च्या ऑक्टोबरअखेरीस सिंहस्थ सुरू होतोय आणि मुख्य स्नानं २०२७ मध्ये आहेत, तेव्हा त्या दोन हिवाळ्यांत त्र्यंबक रस्त्यासाठी तासभर जास्त धरा.

मग धोडप. वडाळीभोईवरून हट्टी गाव. दुरून बघितलं तर माथ्याच्या भिंतीत कुणी दात पाडल्यासारखी खाच दिसते. त्या खाचेपर्यंत जाता येतं. वाटेत शिडी आहे, पण घाबरण्यासारखी नाही.

कळसूबाई चौथ्या-पाचव्या खेपेला. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वोच्च शिखर. पायथ्याचं बारी गाव अकोले तालुक्यात, म्हणजे जिल्हा बदलतो, पण नाशकाहून घोटीमार्गे पहाटे निघून संध्याकाळी घरी येता येतं. लोखंडी शिड्या आहेत. शनिवारी रात्री निघणारे ट्रेक टाळा. माथ्यावर सूर्योदयाला इतकी गर्दी असते की सूर्य फोनच्या पडद्यांवर बघावा लागतो. बुधवार-गुरुवारी जाणारा गट मिळाला तर सोडू नका.

आणि हरिहर. सगळ्यांना पहिल्या रविवारी हरिहरच हवा असतो, कारण त्या पायऱ्यांचा फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो. कातळात खोदलेला जवळजवळ उभा जिना, धरायला बाजूला खोबण्या. चढणं अवघड नाही, खरंच नाही. अवघड आहे ते उतरणं, तेही वरून चाळीस जण उतरताहेत आणि खालून चाळीस चढताहेत अशा वेळी. मध्ये थांबायला जागा नाही. मी तिथे एका गृहस्थांना जिन्याच्या मध्यावर डोळे मिटून पंधरा मिनिटं बसलेलं पाहिलं आहे. उंचीची भीती असेल तर रामशेजवर कळणार नाही, इथे कळेल. कामाच्या दिवशी जा, हर्षेवाडीकडून जा, आणि उतरताना तोंड कातळाकडे ठेवा.

मुक्कामाची तयारी झाली की साल्हेर. बागलाणात, नाशकाहून शंभर किलोमीटरच्या वर. १५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला, माथ्यावर परशुरामाचं मंदिर. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना इथे खुल्या मैदानात हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत हा आहे, तेव्हापासून चौकशी वाढली आहे. आदल्या रात्री पायथ्याला राहा.

अलंग-मदन-कुलंग कुणी 'तुम्ही सहज कराल' म्हणून गळ्यात मारू पाहील. मदनला दोर लागतो. नाही म्हणा.

६. सॅकमध्ये काय

बूट सगळ्यात आधी. कॅनडातले बर्फाचे जाड बूट मी एकदा घातले, पाय उकडून निघाले आणि वाळक्या गवतावर स्केटिंग झालं. डिसेंबरनंतर इथे गवत वाळतं, खाली मुरमाची माती मोकळी होते. त्याला घसारा म्हणतात आणि नाशकातले बहुतेक पडणारे या घसाऱ्यावरच पडतात. खोल नक्षीचा, मऊ रबरी तळ हवा. इथले जुने ट्रेकर अॅक्शनचे साधे बूट वर्षानुवर्षं वापरतात, किंमत ऐकून तुम्हाला शंका येईल, पण पकड चांगली असते.

बाकी: तीन लिटर पाणी (टाक्यांतलं पाणी गाळल्या-उकळल्याशिवाय नको), मीठ-साखरेची पुडी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही, शिट्टी, काठी, गुडघ्याचा पट्टा, स्वतःची औषधं, मोठा रुमाल. रुमाल कशाला ते आठव्या क्रमांकात येईल. खायला शेंगदाणे-गूळ, दशम्या, पेरू. जानेवारीनंतर द्राक्षं. द्राक्षं डब्यात न्या, पिशवीत नाही. ब्रह्मगिरी-हरिहरची माकडं पिशवी ओळखतात.

७. पहाटेचा पिक-अप

संदेशात नुसतं 'पपया नर्सरी, ५.३०' असं लिहिलेलं असतं. ही नर्सरी त्र्यंबक रस्त्यावरचा सातपूरजवळचा चौक आहे, रोपं शोधत फिरू नका. कळसूबाईकडे जायचं असेल तर मुंबई नाका किंवा पाथर्डी फाटा, रामशेज-पेठकडे निमाणी. सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) म्हटलं तर जुनं की ठक्कर बाजार ते विचारा. पहाटे रिक्षा मिळेलच असं नाही, आदल्या रात्री ठरवून ठेवा. बस कुणासाठी दहा मिनिटांपेक्षा थांबत नाही, आणि थांबली तर तो गट उन्हात चढणार हे समजा.

८. डोंगरात

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. तरुण मुलं पुढे पळतील, पळू द्या, पहिल्या सपाटीवर तीच धापा टाकत भेटतात. लीडरच्या मागे नाही, शेपटाच्या पुढे चाला. थांबायचं असेल, झाडामागे जायचं असेल, शेपटाला सांगून जा. संकोच करू नका, मी नाडीसुद्धा सांगून बांधते.

परदेशात अस्वलाची भीती घालतात, इथली खरी भीती आग्या मोहोळाची. कड्यांच्या कपारीत मोठाली पोळी लटकतात. भडक अत्तर, सिगारेटचा धूर, आरडाओरडा, स्पीकर यांनी माश्या उठतात. वास येणारं तेल-अत्तर लावून जाऊ नका, गटात कुणी शेकोटी करत असेल तर भांडा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. रुमालाने डोकं-चेहरा झाका आणि कड्याची बाजू सोडून पोळ्यापासून दूर व्हा. काटे नखाने खरवडून काढा. बरेच डंख असतील, ओठ सुजले, श्वास लागला, तर १०८ ला फोन आणि थेट दवाखाना, घरगुती उपाय नाहीत. बाकी संकटाला ११२. डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांचं स्वतःचं समन्वय केंद्रही आहे, त्याची हेल्पलाइन लीडरकडे आहे का, हे बसमध्येच विचारा.

९. पायथ्याचं जेवण

त्र्यंबक-इगतपुरी-पेठ भागात नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. जेवण कुणाच्या तरी घरी सांगितलेलं असतं. ताटात टाकू नका, उरलेलं बाटलीबंद पाणी आणि कचरा तिथे सोडू नका, आणि त्या घरच्या बाईला पैसे मिळाले का, हे एकदा तिलाच विचारा. मी विचारते. दोनदा उत्तर 'पुढच्या वेळी देतो म्हणले' असं आलं आणि तो गट मी सोडला.

१०. परत जाताना

फेब्रुवारी संपत आला की दुपार भाजायला लागते, होळीच्या सुमारास वणवे लागतात. तेव्हा मोठे डोंगर बंद. परतीच्या विमानाआधी बूट घासून, वाळवून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवा.

आणि नोव्हेंबरात आल्यावर ते तसेच घालून निघू नका. दुसऱ्या हिवाळ्याच्या पहिल्या ट्रेकला, धोडपच्या खाचेखाली, माझ्या उजव्या बुटाचा तळ पावासारखा उघडला. सात महिने कपाटात पडून आतला थर भुगा झाला होता. शेपटाला चालणाऱ्या मुलाने सॅकमधून सुतळी काढली आणि तळ पायाला बांधून दिला, हट्टीपर्यंत टिकला. आता आल्या आल्या बूट घालून इमारतीचे पाच मजले चढते-उतरते, तीन वेळा. शेजारचे बघतात.